मत्स्यटाकीतल्या रोपांना उजेड किती?

घरात काचेची मत्स्यटाकी आली की मुलांचा पहिला हट्ट माशांचा आणि दुसरा खऱ्या रोपांचा असतो. हा हट्ट जरूर पुरवावा. रोपे पाण्यातला अमोनिया शोषतात, उजेडात प्राणवायू सोडतात, पिल्लांना लपायला जागा देतात. पण अनेक घरांत महिनाभरात काच हिरवी होते, पाने कुजतात आणि आणखी मोठा दिवा आणला जातो. त्याआधी दिवा रोज किती तास चालू असतो, ते पाहावे.

रोपाला उजेड अन्न तयार करण्यासाठी लागतो. त्याला पचेल त्याहून जास्त उजेड मिळाला की उरलेल्याचा फायदा शेवाळ घेते. नवीन टाकीत पहिले तीन आठवडे सहा तास उजेड द्यावा, पुढे सात-आठ तास. दुपारी दोनला, म्हणजे जोहरनंतर, दिवा लावून रात्री नऊला बंद केला की हिशेब बरोबर बसतो. आपण विसरतो, म्हणून साधा टायमर लावावा. माशांना पापण्या नसतात. दिवा रात्रभर जळत राहिला तर त्यांना विसावा मिळत नाही.

आता दिवा कोणता? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. सोप्या रोपांना लिटरमागे 15 ल्युमेनच्या आसपास उजेड पुरतो. म्हणजे साधारण 9 वॅटची पांढरी एलईडी पट्टी पुरेशी आहे. खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेले पाहून घ्यावे. हा उजेड दिवसाच्या उजेडासारखा असतो. रोज सात तास लावला तरी महिन्याला दोन युनिटांच्या आतच वीज लागते. वुजू करताना नळ बारीक ठेवायला आपण मुलांना शिकवतो. इस्राफ टाळण्याची तीच सवय इथेही लागते.

टाकी खिडकीत ठेवू नये. थेट उन्हाने पाणी तापते आणि शेवाळही वाढते.

सुरुवातीला जावा फर्न आणि अनुबियास घ्यावेत. त्यांना मंद उजेड चालतो. त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरू नये, कुजतो. दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधावा. आपल्याकडच्या तळ्यांत सापडणारी हायड्रिलाही झपाट्याने वाढते. क्रिप्टोकोरिनची पाने लावल्यावर गळाली तर घाबरू नये. जागा बदलली की ती असे करते; मूळ शाबूत असेल तर नवी पालवी फुटते. अशा वेळी उजेड वाढवण्याची घाई करू नये.

अंधारात रोपेही माशांप्रमाणे प्राणवायू वापरतात. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत असतील तर रात्री हवेचा पंप चालू ठेवावा.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनीच सांभाळावी. पाण्यात हात घालण्याआधी टाकीची सर्व बटणे बंद करावीत. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी. म्हणजे ओघळलेले पाणी झोळातून खाली पडते, प्लगमध्ये शिरत नाही.

बाकीचे काम मुलांकडे द्यावे. दर जुम्याला नवी पाने मोजून वहीत लिहायला सांगावे. शेवाळ वाढले तर उजेड एक तासाने कमी करून दोन आठवडे थांबावे. काचेमागचे मुके जीव अल्लाह तआलाने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहेत, हे त्या वहीतून मुलांच्या मनात हळूहळू रुजते.