टायर घासतो कोठे?

मोटार रुबाबदार दिसावी म्हणून तिच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसविली जाते. मग खळग्यात किंवा पूर्ण वळणावर टायर मडगार्डाला घासू लागतो. हातोडा उचलण्यापूर्वी टायरच्या बाजूंवर खडूच्या रेघा ओढून, चार माणसे बसवून, गाडी सावकाश फिरवावी. रेघ पुसली, तेथे दोष! मडगार्डाची कड लागत असल्यास ती जरा तापवून आत वळवितात, म्हणजे रंग तडकत नाही. मात्र १८५/६५ऐवजी २०५/६५ टायर चढविला असेल, तर उंची त्रिज्येत १३ मिलिमीटरने वाढलेली असते. तेथे मूळ मापच हवे. कापलेल्या स्प्रिंगा बदलाव्याच. टायरच्या बाजूचे रबर पातळ असते. आतील धागे उघडे पडल्यावर त्याला ठिगळ चालत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो.