मनोरुग्णाचे घर : ख्रिस्ती मनोविचार आणि घेल गावाची शिकवण

शरीर, सत्त्व आणि आत्मा ही त्रयी तिवईच्या पायांप्रमाणे परस्परांच्या आधाराने उभी असते, हा चरकाचार्यांचा विचार आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. अन्य परंपरांनी मन व शरीर यांचा संबंध कसा जाणला, हा प्रश्न म्हणूनच वैद्यास निव्वळ कुतूहलाचा वाटू नये. वसई, अहिल्यानगर वा गोवा येथे व्यवसाय करणाऱ्या आपल्या अनेक बंधुभगिनींकडे ख्रिस्ती रुग्ण येतात. त्यांच्या घरी मनोविकार झाला, तर औषधाइतकाच प्रार्थनेचा आधार घेतला जातो. हा आधार समजून घेतल्यावाचून रुग्णाशी संवाद होणे कठीण, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्ती धर्म देहाला तुच्छ लेखतो, असा एक समज आहे. त्यात अर्धेच सत्य आहे. कठोर देहदंडनाची परंपरा त्या धर्मात आहे खरी. परंतु ईश्वराने मानवी देह धारण केला आणि अंती मृतांचे सदेह पुनरुत्थान होईल, या त्याच्या मूळ श्रद्धा आहेत. जड सृष्टीच अमंगल मानणारी मते दुसऱ्या शतकातील चर्चने नाकारली. संत पौलाने तर देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. रोग हे पापाचे फळ काय, हा प्रश्नही तेथे प्राचीन आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य हेच विचारतात आणि येशू त्या माणसाला व त्याच्या आईवडिलांना, दोघांनाही दोषमुक्त ठरवितो. तथापि भूतबाधा काढल्याच्या कथाही त्याच ग्रंथांत आहेत. करुणेचा आणि बाधेचा असे हे दोन प्रवाह पुढील शतकांत शेजारी शेजारी वाहत राहिले.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या संन्याशाने साधकाला छळणारे आठ विचार वर्णिले. त्यांत दुःख व 'अकेडिया' हे दोन त्याने वेगळे मानले. अकेडिया म्हणजे मनाची उदास, निरुत्साही, अस्थिर अवस्था. सूर्य जणू जागीच थांबला आहे असे वाटणे, राहत्या जागेचा व कामाचा वीट येणे, कोणी भेटीस येते का म्हणून वारंवार बाहेर पाहणे, ही त्याने दिलेली लक्षणे आहेत. रज आणि तम यांच्या प्रकोपाचा अभ्यास असलेल्या वैद्यास हे वर्णन परके वाटणार नाही. स्थान न सोडणे, हातांनी काम करणे, प्रार्थना व धीर, हे त्यावरील उपाय सांगितले गेले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने दुर्गुणांची नवी मांडणी केली, तीत अकेडिया दुःखात विलीन झाली. पुढे तिचेच रूपांतर 'आळस' या पापात झाले. सूक्ष्म निरीक्षणाने टिपलेली एक मनोवस्था अशा रीतीने दोषारोपाचा विषय बनली. कोणत्याही शास्त्राने ध्यानी ठेवावा असा हा इतिहास आहे.

याच परंपरेने बेल्जियममधील घेल या गावी एक निराळे उदाहरण घडविले. कथा अशी की, राणीच्या मृत्यूनंतर शोकाने भ्रमिष्ट झालेल्या आयरिश राजाने स्वतःच्या कन्येशीच, डिम्फ्नाशी, विवाह करण्याचा हट्ट धरला. ती घेलला पळून गेली. राजाने तिला तेथे गाठून ठार केले. तीच पुढे मनोरुग्णांची संरक्षक संत मानली गेली. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी तिचा परिणाम खराच आहे. चौदाव्या शतकात तेथे तिच्या नावे मोठे चर्च उभे राहू लागले. मनोरुग्णांना नऊ दिवसांच्या अनुष्ठानासाठी तेथे आणीत. चर्चला लागून असलेली रुग्णांची खोली अपुरी पडू लागली, तेव्हा ग्रामस्थांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. अनुष्ठान संपले तरी अनेकजण परतले नाहीत; शेतीत व घरकामात मदत करीत ते त्या कुटुंबांतच राहिले.

१८५०मध्ये ही व्यवस्था बेल्जियमच्या शासनाने आपल्याकडे घेतली आणि पुढे तिला रुग्णालयाची जोड मिळाली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस गावात साडेतीन हजारांहून अधिक मनोरुग्ण कुटुंबांत राहत होते. त्यांना 'रुग्ण' न म्हणता 'घरी राहणारा पाहुणा' अशा अर्थाच्या शब्दाने संबोधितात. कुटुंबाला रोगाचे नाव सांगण्याचीही प्रथा नाही; सांगितला जातो तो माणूस. हे चित्र सर्वस्वी निर्दोष नव्हते. पूर्वीच्या काळी काहींच्या पायांत बेड्या असत आणि त्यांच्या श्रमाचा लाभ कुटुंबे घेत. शेती कमी झाली, स्त्रिया नोकरीस जाऊ लागल्या, उपचारांचे अन्य मार्ग उपलब्ध झाले. त्यामुळे आज ही संख्या फार घटली आहे. तथापि २०२३मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद जतनाच्या अनुकरणीय पद्धतींत केली.

यातून आपण काय घ्यावे? चरकाचार्यांनी निदानस्थानात उन्मादाचा दोष देव-गंधर्वांवर ढकलू नये असे बजावले आणि त्याचे मूळ प्रज्ञापराधात दाखविले. मात्र प्रज्ञापराध हा शब्द रुग्णाला दूषण देण्यासाठी वापरला, तर अकेडियाचे जे झाले तेच आपल्या हातून होईल. उन्मादचिकित्सेत सुहृदांच्या आश्वासक वचनांबरोबर बंधन व भयदर्शन हेही उपाय आले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, श्रद्धास्थानाच्या आश्रयाला आणलेले आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत प्राणास मुकले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. येथे कायदा हाच आपला आप्तोपदेश मानावा.

नोव्हेना करणाऱ्या रुग्णाच्या श्रद्धेचा उपहास करू नये. ती दैवव्यपाश्रयाच्या जागी आहे. परंतु प्रार्थनेच्या वा आपल्या काढ्याच्या भरवशावर मनोविकारतज्ज्ञाची औषधे अकस्मात बंद होऊ देणे हा अक्षम्य प्रमाद होय. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनीही ग्राहकास 'अन्य कोणती औषधे सुरू आहेत?' हे विचारल्यावाचून मनोविकारावरील कल्प देऊ नये. सर्पगंधेच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. तिच्यातील रेसर्पिन विषादाच्या रुग्णास वर्ज्य मानले जाते. आत्मघाताचे विचार बोलून दाखविणाऱ्यास त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोहोचविणे, हे तर आपले आद्य कर्तव्य आहे.

सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. तो निग्रह एकट्या रुग्णाने एकट्याने करावयाचा असतो, असे आपण नकळत गृहीत धरतो. घेलच्या शेतकऱ्यांनी ग्रंथ न वाचता दाखवून दिले की, जेवणाच्या पंक्तीतील एक पान, हाताला झेपेल असे काम आणि नावाने हाक मारणारे माणूस, हेही त्या निग्रहाचे साधन असते. रुग्णाबरोबर आलेल्या नातलगांस औषधाची मात्रा सांगताना आपण ही मात्राही सांगावी, एवढीच आमची विनंती आहे.