घसा कोरडा का पडतो?

लोहाऱ्यासारख्या (जि. धाराशिव) तालुक्याच्या गावी लग्नाळू मुलगा-मुलगी पहिल्यांदा भेटतात ती बहुधा कांदेपोह्यांच्या बशीसमोर. 'शिक्षण किती?' एवढ्या साध्या प्रश्नालाही घसा कोरडा पडतो, जीभ अडखळते. लगेच कोणीतरी कुजबुजते, 'काहीतरी लपवतेय!' हे खरे मानावे का?

भीती वाटली की अनुकंपी चेतासंस्था जागी होते. अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रिनलिन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, लाळ घट्ट होते, तळहातांना घाम सुटतो. भीती खोटे उघडे पडण्याची असो वा नापसंतीची, शरीराला दोन्ही सारख्याच. पॉलिग्राफ यंत्रदेखील ठोके, श्वास व घाम मोजते, खोटेपणा नव्हे. ही चाचणी सक्तीने घेणे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली घटनाविरोधी ठरवले.

वर्गात एक प्रयोग करून पाहू. विद्यार्थ्याने बसल्या जागी एक मिनिट नाडी मोजावी. मग सर्वांसमोर उभे राहून स्वतःचे नाव-गाव सांगावे व लगेच पुन्हा मोजावी. बहुतेकांची नाडी वाढलेली दिसेल. उभे राहण्यानेही ती थोडी वाढते, म्हणून नुसते उभे राहूनही एकदा मोजावी. नाव-गाव तर सर्वांनी खरेच सांगितलेले असते! मग अडखळणाऱ्या मुलीला खोटी ठरवणारे आपण कोण?