उलट्या थांबतात, दात मात्र शिवशिवत राहतात

कडक डोहाळे लागलेल्या बाईच्या उशाशी जुन्नर-आंबेगावच्या घरांत काही गोष्टी हमखास सापडतात: लिंबाची फोड, आवळासुपारी, चिंचेचा गोळा, हंगाम असेल तर मीठ लावलेली कैरी. मळमळ दबावी म्हणून आई किंवा सासू मायेनं ते पुढे करते आणि आंबट चोखल्यावर घटकाभर बरंही वाटतं. पुढे बाळंतपण होतं, उलट्या विसरल्या जातात. मग एखाद्या सकाळी गार पाण्याचा घोट घेताना वरच्या दातांतून अशी सणक जाते, की तांब्या खाली ठेवावा लागतो. दातांच्या या दुखण्याचा संबंध त्या उलट्यांशी असेल, हे बहुतेकींना कुणी सांगितलेलंच नसतं.

गरोदरपणात थोडीफार मळमळ दहापैकी सात-आठ जणींना होते. पण शंभरात फार तर तिघींच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, वजन पाच टक्क्यांहून जास्त घटतं, सलाईन लावावं लागतं. डॉक्टर याला ‘हायपरइमेसिस ग्रॅव्हिडेरम’ म्हणतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू झालेला हा त्रास बहुधा पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतो. काहींना मात्र बाळंत होईपर्यंत पुरतो. ‘आम्हालाही झाल्या होत्या उलट्या’ असं म्हणून तो उडवून लावला जातो. अमेरिकेतल्या संशोधक मार्लेना फेझो स्वतः या दुखण्यातून गेल्या होत्या. त्यांच्या आणि केंब्रिजच्या संशोधकांच्या 2023 सालच्या अभ्यासानं जीडीएफ-15 या संप्रेरकाकडे बोट दाखवलं. गरोदरपणात ते मुख्यतः गर्भाकडून आणि वारेतून येतं. आधी ज्यांच्या शरीरात ते कमी असतं, त्यांना त्याची अचानक झालेली वाढ जास्त सोसावी लागते. यात बाईचे नखरे कुठेच नाहीत.

आता दातांकडे येऊ. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, जवळजवळ सगळा खनिजांचा. पण तोंडातला पीएच साधारण 5.5च्या खाली उतरला, म्हणजे आम्लता वाढली, की ही खनिजं विरघळू लागतात. जठरातल्या आम्लाचा पीएच 1 ते 3च्या दरम्यान असतो. उलटीचा मारा बसतो तो मुख्यतः वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला. त्यामुळे आरशात काहीच दिसत नाही. जीभ फिरवली तर ती बाजू गुळगुळीत, झिजल्यासारखी लागते. कडा पातळ होतात, उजेडात आरपार दिसतात. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर उरत नाहीत, म्हणून गेलेला थर परत येत नाही.

थर पातळ झाला की खालचं डेंटीन उघडं पडतं. त्यात हजारो सूक्ष्म नळ्या असतात. गार, गरम, आंबट, गोड लागलं की नळ्यांतला द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळ पोहोचते. स्वीडनचे मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात हे मांडलं आणि आजही दंतवैद्य तेच मानतात. ‘बाळानं दातातलं कॅल्शियम ओढून घेतलं’ हा समज मात्र खरा नाही. बाळाला कॅल्शियम मिळतं ते आईच्या आहारातून, कमी पडलं तर तिच्या हाडांतून, दातांतून नाही.

खरी घात करणारी सवय वेगळीच आहे. उलटी झाली, तोंड कडू झालं, की बाई लगेच दात घासते. कुणी ब्रशनं, कुणी राखुंडीनं, कुणी मिश्रीनं. आम्लानं मऊ पडलेलं इनॅमल त्या घासण्यानं आणखी झिजतं. मिश्री तर तंबाखूच. ती गर्भालाही बाधते. वर लिंबू चोखलं की आम्लावर आम्ल पडतं.

उपाय साधा आहे. उलटी झाल्यावर आधी चूळ भरायची. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, धुण्याचा नव्हे, ढवळून त्याची चूळ भरून थुंकली तर आणखी चांगलं, कारण सोडा आम्ल मारतो. मग निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, ब्रश हातात घ्यायचा नाही. तोंड बेचव वाटलं तर बोटानं फ्लोराइडची थोडी पेस्ट दातांना नुसती लावावी. ब्रश घातला की ओकारी येत असेल, तर लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा आणि मळमळ कमी असेल ती वेळ धरावी. पेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराइड लिहिलंय का, ते वाचावं. भारतात त्याची कायद्यानं ठरलेली मर्यादा 1000 पीपीएम आहे.

शिवशिव सुरू झालीच असेल, तर पोटॅशियम नायट्रेटची ‘सेन्सिटिव्ह’ पेस्ट दिवसातून दोनदा वापरावी आणि नंतर खळखळून चूळ भरू नये. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर दंतवैद्य फ्लोराइडचं व्हार्निश लावतात, झिजलेला भाग दाताच्या रंगाच्या सिमेंटनं झाकतात. गरोदरपणी दातांना हात लावू नये, हाही गैरसमजच. चौथा ते सहावा महिना उपचारांना सोयीचा. भूल देण्याचं नेहमीचं लिडोकेन इंजेक्शनही चालतं. डॉक्टरांना दिवस गेल्याचं आधी सांगायचं एवढंच.

तरी आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे किंवा तळेघरच्या बाईनं दातासाठी मंचर गाठायचं, तर दिवस मोडतो आणि रोज बुडतो. म्हणून माहितीच तिच्यापर्यंत लवकर पोहोचायला हवी. 2016पासून दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, पण ती चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांसाठी. उलट्यांचा जोर त्याआधीच येऊन गेलेला असतो. आशाताई पहिल्या 12 आठवड्यांत नाव नोंदवायला घरी येते, तेव्हाच चूळ, सोडा आणि अर्ध्या तासाची गोष्ट सांगितली गेली पाहिजे. पाणीही ठरत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हेही त्याच भेटीत सांगावं. आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला आई आरोग्य केंद्रात येतेच; त्या दिवशी तिच्याही वरच्या दातांची आतली बाजू कुणीतरी उजेडात पाहावी.