मीलोचा पाऊस, मीलोची वाइन

बाटलीवर ‘एटना बियांको सुपेरिओरे’ असं लिहायचं, तर द्राक्षं मीलो गावच्या हद्दीतलीच लागतात. एटना ज्वालामुखीच्या पूर्व उतारावरचं हे गाव. आयोनियन समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडतात आणि इथेच रिते होतात. कोरड्या सिसिलीत इतका पाऊस फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो. दमट हवा, थंडी, काढणीच्या तोंडावरचा पाऊस, ज्या ज्या गोष्टींनी बागायतदाराची झोप उडते त्या सगळ्या इथे आहेत. तरीही हा नियम मला रास्त वाटतो.

त्याचं कारण कारिकांते. सुपेरिओरेत या जातीचं प्रमाण किमान ८० टक्के असावं लागतं. वेल भरघोस घड देतो, पण ते पिकतात उशिरा. आठ-नऊशे मीटर उंचीवर रात्री गार असतात. मण्यांत साखर सावकाश भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. काढणी ऑक्टोबरात. मॅलिक आम्ल इतकं तीव्र की जुनी माणसं वाइन हिवाळाभर गाळावरच राहू देत. वसंतात ऊब आली की जिवाणू जागे होत आणि ते आम्ल मवाळ होई.

इतक्या पावसात मुळं कुजत नाहीत, कारण जमीन लाव्हा आणि राखेची, भुसभुशीत. पाणी थांबतच नाही. नाशिकची द्राक्षंही बेसाल्टवरच वाढतात, पण दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, झिजून चिकण काळी माती झालेला. एटना अजूनही राख टाकतो. वाळूसारख्या या मातीत फायलोक्सेरा किडीला फारसं पसरता येत नाही, म्हणून कलम न केलेले, स्वतःच्या मुळांवर उभे असलेले म्हातारे वेल एटनावर आजही सापडतात.

त्यांना मांडव नाही. प्रत्येक वेल सुटा, झुडपासारखा, चेस्टनटच्या खुंटाला बांधलेला. लाव्हाच्या दगडांनी रचलेल्या ताली अरुंद. छाटणी, खुरपणी, काढणी सगळी हातांनी. या कष्टांपायीच विसाव्या शतकात कितीतरी ताली ओस पडल्या, झाडोऱ्याखाली गेल्या. १९८८ मध्ये जुझेप्पे बेनांती यांनी इथे नव्याने वाइन करायला घेतली, साल्वो फोती हे तज्ज्ञ सोबतीला होते. मीलोच्या कारिकांतेपासून केलेली त्यांची ‘पिएत्रामारिना’ काही वर्षं थांबूनच बाजारात येते. कोवळेपणी तिच्यात लिंबू, हिरवं सफरचंद आणि खारटसर चव असते. दहा वर्षांनी ती उघडावी, तेव्हाही तो आंबटपणा ताठ उभा असतो.