धूर विरला, दुखणे उरले

करंज्याचे एक खलाशी अधूनमधून माझ्या ओपीडीत येतात. वय माझ्याच आसपास, पन्नाशी उलटलेली. खोकला, जिना चढताना दम, सांधेदुखी, रात्रभर झोप नाही, 'डोके जड राहते, नावे आठवत नाहीत'. रक्त, थुंकी, छातीचा एक्स-रे, सगळे नॉर्मल. माझ्याआधीच्या तीन-चार डॉक्टरांनी त्यांना 'टेन्शन घेऊ नका' असे सांगून परत पाठवले होते. पहिल्या भेटीत मीही तेच म्हणालो होतो, हे कबूल करतो.

गेल्या खेपेस ते लेकीला घेऊन आले. तिला तिसरा महिना. तिला तपासून झाल्यावर ते दाराशी घुटमळले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, एक्क्याण्णव साली कुवेतला मी जो धूर खाल्ला, तो हिच्या बाळाला तर नाही ना बाधणार?"

एवढ्या वर्षांत त्यांनी कुवेतचे नाव काढले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

1991 च्या आखाती युद्धात माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतमधल्या 600 हून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या. शेवटची विहीर विझायला नोव्हेंबर उजाडला. आमचे खलाशी त्या उन्हाळ्यात किनाऱ्यासमोर नांगरलेल्या एका बोटीवर चार महिने होते. भरदुपारी दिवे लावावे लागत, डेकवर तेलकट काजळी बसे, जेवणालाही रॉकेलचा वास येई.

त्याच युद्धात अमेरिकेचे सुमारे 7 लाख सैनिक उतरले होते. घरी परतल्यावर त्यांतल्या निदान चौथ्या हिश्श्याला अशाच तक्रारी सुरू झाल्या: थकवा, अंगदुखी, विस्मरण, पोटाचे विकार, पुरळ, निद्रानाश. तिथेही तपासण्या नॉर्मल आल्या आणि तिथेही 'मनाचे खेळ' हेच उत्तर मिळाले. सैनिकांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. मार्च 1991 मध्ये इराकमधल्या खामिसिया इथला दारूगोळा अमेरिकी तुकड्यांनी स्फोट करून नष्ट केला. त्यात सारिन हा मज्जातंतूंवर हल्ला करणारा वायू होता, हे सरकारने 1996 मध्ये मान्य केले. पुढे सुमारे 1 लाख सैनिकांना कळवण्यात आले की त्याचा अंश तुमच्यापर्यंत पोहोचला असू शकतो.

सारिन काय करतो, हे महाराष्ट्राला वेगळ्या नावाने ठाऊक आहे. आपल्या शरीरात नस स्नायूला निरोप देते तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या मार्फत. निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन पुसून टाकते. सारिन हे एन्झाइमच बंद पाडतो. निरोप पुसलाच जात नाही. लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, श्वास कोंडतो. शेतातली ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके याच कुळातली. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक जण दगावले. फवारणीच्या विषबाधेत आपण ऑर्गनोफॉस्फेटवरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देतो, आणि सारिनवरही तेच द्यावे लागते.

अमेरिकी सरकारने नेमलेल्या समितीने 2008 मध्ये स्पष्ट म्हटले की हा आजार खरा आहे. तिने मुख्य बोट ठेवले ते दोन गोष्टींवर: छावणीत बेसुमार वापरलेली कीटकनाशके आणि वायुहल्ल्यापासून बचाव म्हणून दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या. ही गोळी आम्ही मायस्थेनिया नावाच्या स्नायूंच्या आजारात नेहमी देतो. मात्र तीही त्याच एन्झाइमला लगाम घालते. एकाच एन्झाइमवर तिकडून विष आणि इकडून औषध, असा दुहेरी मार काही शरीरांना झेपला नाही.

काहींनाच का, याचा एक धागा 2022 मध्ये डल्लासच्या संशोधकांनी पुढे आणला. आपल्या रक्तात पीओएन-1 या जनुकाने घडवलेले एक एन्झाइम असते. जनुकाच्या एका प्रकारातून बनणारे एन्झाइम सारिन चटकन फोडते, दुसऱ्यातले रेंगाळते. वायूचा भोंगा ऐकल्याचे सांगणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे दुसरा प्रकार होता, त्यांच्यात आजाराचे प्रमाण बरेच जास्त आढळले. एकाच तंबूतले दोघे, एक आजारी आणि एक ठणठणीत, म्हणून आजारी माणूस ढोंगी ठरत नाही.

आपल्या सैनिकांचे काय? रावळपिंडीत 1930 च्या दशकात आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसच्या चाचण्या केल्या. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडी जास्त भाजते का, हे त्यांना पाहायचे होते. कित्येक जण भाजून इस्पितळात पडले. 2007 मध्ये ती कागदपत्रे उजेडात आली. त्यांत फोडांची नोंद आहे. पण ते शिपाई गावी परतल्यावर कसे जगले, त्यांच्या छातीचे, डोळ्यांचे, मुलाबाळांचे काय झाले, याचा पाठपुरावा कोणी केला नाही. मस्टर्ड गॅसचा फुफ्फुसावरचा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो, हे 1987 मध्ये इराणच्या सरदश्त शहरावर झालेल्या हल्ल्यातल्या रुग्णांनी जगाला शिकवले.

आता लेकीचा प्रश्न. विष मुलापर्यंत दोन वाटांनी पोहोचू शकते. पहिली वाट आईच्या पोटातून. भोपाळच्या वायुकांडाच्या वेळी जे गर्भात होते, त्यांच्यापैकी पुरुषांमध्ये पुढे रोजगारात अडथळा आणणारे अपंगत्व आणि कर्करोग जास्त दिसले, असा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरी वाट वडिलांच्या बीजातून. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या 'एजंट ऑरेंज'मधले डायऑक्सिन चरबीत वर्षानुवर्षे मुरून राहते. तिथे लढलेल्या सैनिकांच्या, मणक्यात व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांना मदत देण्याचा कायदा अमेरिकेने 1996 मध्ये केला.

सारिन मात्र शरीरात मुरून राहत नाही. पुरुषबीजही साधारण अडीच-तीन महिन्यांत नव्याने तयार होते. आखाती युद्धातल्या सैनिकांच्या मुलांवरचे सगळे अभ्यास अमेरिकेच्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये तपासले, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून अशा मुलांवर पद्धतशीर लक्ष ठेवा, अशी शिफारस त्यांनी केली. आमच्या खलाशांची लेक तर युद्धानंतर पाच वर्षांनी जन्मलेली. मी दोघांना समोर बसवून सांगितले, "त्या धुरामुळे या बाळाला धोका आहे, असा कुठलाही पुरावा नाही. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका, अठराव्या ते विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करा आणि घरातला बिडीचा धूर आजच बंद करा. बाळाला बाधतो तो हा धूर."

ते ओशाळून हसले. बिडी त्यांची होती, त्यामुळे सगळा दोष कुवेतवर टाकता येत नाही. फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करायला त्यांना अलिबागला पाठवले. श्वासनलिका अरुंद झाल्याचे त्यात दिसले. इतकी वर्षे नॉर्मल येणाऱ्या एक्स-रेमध्ये ते दिसणार नव्हते. आता इनहेलर चालू आहे, दम कमी आहे. थकवा आणि विस्मरण पुरते गेलेले नाही. त्यावर हमखास औषध नाही. झोप, बेताबेताने वाढवलेला व्यायाम, दुखण्यावर मोजके उपचार एवढेच हातात आहे. थायरॉइड, मधुमेह, ब-12 ची कमतरता, नैराश्य हे उपचार करता येणारे आजार 'गॅस'च्या नावाखाली दडून बसत नाहीत ना, हेही पाहावे लागते.

तुमच्या घरी निवृत्त जवान, खलाशी, रासायनिक कारखान्यातले कामगार किंवा फवारणी करणारे कोणी असेल, तर डॉक्टरांकडे जाताना एक कागद लिहून न्या. कोणते काम, कुठे, कोणत्या साली, किती महिने, कसला वास, त्या वेळी काय त्रास झाला, सोबतच्यांपैकी आणखी कोण आजारी आहे. खलाशांच्या सीडीसीच्या पुस्तकात बोटी आणि तारखा असतातच. ते कपाटात ठेवू नका. डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही सांगा.

अमेरिकेच्या सैनिकांची निदान यादी तरी होती. त्याच आकाशाखाली राबलेल्या आमच्या माणसांची नावे कुठल्याच युद्धाच्या यादीत नाहीत. त्या दिवशी मी केसपेपरवर एक ओळ वाढवली: '1991, कुवेत, तेलविहिरींचा धूर, चार महिने.' त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून सीडीसीच्या पुस्तकात ठेवला आणि लेकीला म्हणाले, "चल, गाडी चुकेल."