चैत्रांतील सायकल आणि वाड्यांची वाट

ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून चैत्रांतील पहांटे सायकल बाहेर काढणाऱ्यास पहिलीं कांहीं मिनिटें मोठ्या विलक्षण मुलुखांतून जावें लागतें. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट अशीं नांवें एकामागून एक येतात. परंतु त्या त्या गल्लींत त्या त्या नांवाचें झाड वा पीक औषधालाहि सांपडावयाचें नाहीं. गॅलरींतील तुळशीची कुंडी हीच काय ती शेती. तथापि हीं नांवें कोणा कवीनें हौसेनें ठेवलेलीं नाहींत. मुंबई बेटावर नारळीच्या बागेस वाडी म्हणत. पोर्तुगीज तिलाच ‘होर्ता’ म्हणत, आणि इंग्रजांनीं त्याचें ‘ओर्ट’ करून आपल्या दप्तरांत घातलें. ‘भाट’ हा शब्दहि कोंकणांत बागाइती जमिनीचाच. पुढें वस्ती वाढली, माड गेले, विहिरी बुजल्या आणि वाडी म्हणजे चाळींचा घोळका असा अर्थ होऊन बसला. मूळचा अर्थ जिवंत पहावयाचा तर समुद्र ओलांडून अलिबागेकडच्या अष्टागरांत गेलें पाहिजे. त्यासाठीं सायकलीसारखें वाहन नाहीं. मोटार धांवते ती डांबरी सडकेनें. आणि पायीं चालणाऱ्यास एक दिवस पुरत नाहीं.

ठाकूरद्वाराहून भाऊचा धक्का चार-पांच किलोमीटरांवर आहे. मार्च २०२० पासून तेथून मांडव्यास मोटारगाड्या वाहून नेणारी मोठी बोट सुरू झाली; तींत सायकलहि जाते. सुमारें तासाभरानें मांडव्याच्या धक्क्यावर उतरलें कीं अलिबाग २० किलोमीटर व नागांव जवळजवळ ३० किलोमीटर राहतें.

निघण्यापूर्वीं वाऱ्याचा विचार करावा हें बरें. कोंकणपट्टींत पहांटे जमिनीवरून समुद्राकडे जो मंद वारा वाहतो त्यास मतलई वारे म्हणतात. ऊन चढलें कीं जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापतें. जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारे वारे येतात. चैत्रांत दुपारीं ते बहुधा वायव्येकडून येतात. म्हणजे दक्षिणेस अलिबागेकडे जातांना वारा पाठीशीं, आणि परततांना तोंडावर! ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं १५ किलोमीटर जाणाऱ्यास तितक्याच वेगाचा वारा समोरून आला, तर हवेशीं त्याची गांठ ३० च्या वेगानें पडते व अडथळा दुप्पट न होतां चौपट होतो. जातांना स्वतःच्या पायांचें कौतुक करणाऱ्या तरुणांस परततांना खरा मानकरी कोण तें कळतें.

मांडव्याहून सडक सोडून सासवणें, आवास, किहीम या गांवांतून गेलें म्हणजे वाट अरुंद होते आणि दोहों बाजूंस वाड्यांचीं कुंपणें लागतात. कुठें पांगारा फुललेला, कुठें काजूच्या बोंडांचा आंबूस वास, कुठें तांबट पक्ष्याची ठकठक. सासवणें हें शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचें गांव. पुण्यांतील अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा घडविणारे ते हेच. त्यांच्या घरीं त्यांचीं शिल्पें पहावयास मिळतात. किहीमला १९३० सालीं हातीं नोकरी नसलेल्या सालिम अलींनीं सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धें घरटें बांधतो, मादी तें पाहून पसंत करते, आणि तें पुरें होतांच नर दुसऱ्या घरट्याच्या मागें लागतो, हें त्यांनीं दाखविलें. घरटीं विणण्याचा हंगाम पावसाळ्याचा. तो पहावयाचा तर पुन्हां यावें लागेल.

परंतु खरी पहावयाची ती वाडीच. वर नारळ, त्याच्या सांवलींत पोफळ, खालीं केळी, आणि पोफळीच्या खोडावर चढलेला मिऱ्याचा वेल, असे हे मजले असतात. सडकेवर डोळे दिपविणारें ऊन वाडींत शिरतांच गाळल्यासारखें होतें. वाराहि झाडांत अडतो. हा सारा संसार विहिरीच्या पाण्यावर चालतो, आणि तें पाणी समुद्रापासून हांकेच्या अंतरावर गोडें कसें, हेंच नवल आहे. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें. तें खाऱ्या पाण्याहून किंचित् हलकें असल्यामुळें त्यावर तरंगून राहतें. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक फूट उंच असली, तर खालीं सुमारें ४० फुटांपर्यंत गोडें पाणी असतें. हिशेब उलटाहि चालतो. वरची पातळी एक फूट खालावली कीं खारें पाणी हळूहळू ४० फूट वर सरकूं लागतें. बैलांच्या रहाटानें पाणी थोडथोडें उपसलें जाई व विहिरीस भरून येण्यास अवकाश मिळे. विजेच्या पंपास असा धीर नसतो. त्यांतून वाडीच्या जागीं पोहण्याच्या तलावासह बंगला झाला, तर शेजारच्या पोफळींस त्याची झळ लागणें या शास्त्राप्रमाणें क्रमप्राप्तच आहे.

अलिबागेस भूचुंबकीय वेधशाळा आहे. ती पूर्वीं कुलाब्यास होती. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें, तेव्हां त्या प्रवाहानें चुंबकसूच्या विचलित होतील म्हणून १९०४ सालीं हें काम येथें आणलें. इमारतींत लोखंड टाळलें आहे. सायकलस्वारानें आपलें पोलादी वाहन दूरच ठेवावें. मुंबईंत १९०७ सालीं आलेली ती विजेची ट्राम १९६४ सालीं बंदहि झाली. वेधशाळा मात्र अलिबागेस राहिली.

पुढें आक्षी व नागांव. येथें झाडींत मधूनच आकाश उघडें पडलेलें दिसतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें आणि या पट्टींतील हजारों नारळी-पोफळी मोडून पडल्या. नवी पोफळ धरण्यास पांच ते सात वर्षें लागतात. शिवाय कोंवळ्या रोपास थेट ऊन सोसत नाहीं, त्यास आधीं दुसऱ्या झाडाची सांवली हवी, आणि ती देणारा माडच पडलेला! म्हणून कित्येक जागीं आधीं केळी लावून तिच्या आडोशास रोपें वाढवावीं लागतात. इतकीं वर्षें थांबावें, कीं मुंबईच्या गिऱ्हाइकास जागा देऊन मोकळें व्हावें, हा प्रश्न बागाइतदारापुढें उभा असतो. कुंपणाऐवजीं दगडी भिंत जेथें लागते, तेथें त्याचें उत्तर काय झालें हें वाटेनें जाणाऱ्यासहि समजतें.

नागांवाहून दुपारीं तीनच्या आंत निघावें. सडकेनें अंतर कमी पडतें. तरी वारा तोंडावर असल्यामुळें वाड्यांच्या आंतील लांबची वाटच सोयीची, आणि सकाळच्या दीडपट वेळ हिशेबांत धरावा. पिशवींत कैऱ्या असल्यास त्या मागच्या चाकावर घट्ट बांधाव्या. किहीमजवळची वाट खडबडीत आहे.